पाठराखीण

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही माळशिरसमध्ये पाठराखीण झालो. वय बेचाळीस, डोळ्यांवर चष्मा, हातात मेहंदीचा कोन. घरातल्या मुलांना हसू आवरेना. "अम्मी, नवरीजवळ पोरी बसतात, तुम्ही कुठे निघालात?" आम्ही म्हणालो, "नवरी आमच्याच वयाची आहे बाबांनो!"

ही आमची शाळेपासूनची मैत्रीण. चार वर्षांपूर्वी तिचे पती वारले. आता नातेपुत्याच्या एका विधुर गृहस्थांशी तिचा निकाह ठरला होता. शनिवारी संध्याकाळी हळद लागली, तेव्हा मागच्या बाजूला कुजबुज झालीच, "बेवा बाईला हळद कशाला?" तिच्या अम्मांनी वाटी खाली न ठेवता उत्तर दिले, "हजरत खदीजा (रजि.) हुजूर (स.) यांच्या निकाहात आल्या, तेव्हा बेवाच होत्या." शेजारच्या मराठा घरातल्या सुना आल्या होत्या. त्यांनीही हळद लावली, उखाणे झाले आणि कुजबुज विरून गेली.

रात्री मेहंदी सुकेपर्यंत आम्ही दोघी जाग्या होतो. ती हळूच म्हणाली, "पहिल्या निकाहात मी काही बोललेच नव्हते, आठवतं?"

आठवत होते. तेव्हाही आम्ही तिच्या शेजारीच होतो. वकील आणि दोन गवाह आत आले, मुलाचे नाव व महर सांगून विचारले. ती मान खाली घालून गप्प. मागून कुणीतरी तिची मान पुढे हलवली आणि "हां बोली, हां बोली" असा गलका झाला. कुमारिका लाजून गप्प राहिली तर ते मौन संमती धरले जाते, हे हदीसवरून आपल्याला ठाऊक आहे. पण मौन संमती ठरायला आधी विचारलेले ऐकू तर यायला हवे! महर किती, हे तिने ऐकले नव्हते. आम्हीही ऐकले नव्हते. आम्ही तिचा दुपट्टा सारखा करत होतो.

तो महर उधार राहिला तो राहिलाच. पतीचा जनाजा उचलायच्या वेळी एक बाई तिच्या कानाशी लागली, "महर माफ कर ग, त्याची वाट सोपी होईल." तिने भान नसल्यासारखे "माफ" म्हटले. आम्ही तिचा हात धरून बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. न दिलेला महर हे पतीवरचे कर्ज असते, वारसांच्या वाटण्या होण्याआधी ते मालमत्तेतून फेडायचे असते. बायको महर सोडू शकते, पण स्वखुशीने, असे सूरह निसाच्या चौथ्या आयतीत आहे. मयत दारात असताना काढून घेतलेला शब्द खुशीचा कसा? तिला दोन मुले वाढवायची होती. आमचे ते गप्प बसणे आम्हाला आजही बोचते.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिच्या भावाकडून निकाहनामा मागून घेतला. भाईजान म्हणाले, "आपा, सगळं ठरल्याप्रमाणे आहे." आम्ही म्हणालो, "उर्दूची बाई आहे, सवयीने तपासते." महर-ए-फातिमी ठरला होता, म्हणजे ५०० दिरहम, आपल्याकडच्या हिशेबाने सुमारे १,५३१ ग्रॅम चांदी, आणि तोही रोख. कागदावर मात्र उधार झाला होता. रोख महर आणि उधार महर यांसाठीचे उर्दू शब्द आपण बोलताना एकसारखेच, "मुअज्जल". लिहिताना रोखीच्या शब्दात "ऐन" येतो, उधारीच्या शब्दात "हम्जा". कुणाची लबाडी नव्हती, घाईत हात चुकला होता. काजीसाहेबांनी लगेच दुरुस्ती केली, दोन्हीकडच्यांनी सही केली.

मग वकील आत आले. एकदा निकाह झालेल्या स्त्रीची संमती तोंडानेच लागते. या वेळी कुणी तिच्या मानेला हात लावला नाही. तिने रक्कम पूर्ण ऐकून घेतली आणि खोलीभर ऐकू जाईल असे म्हणाली, "कबूल आहे."

भगिनींनो, नवरीजवळ बसणे म्हणजे नुसते नटवणे नव्हे. मुसनद अहमदमध्ये हजरत अस्मा बिन्ते यजीद (रजि.) यांची हकीकत आहे. हजरत आयशा (रजि.) यांना नवरी म्हणून त्यांनीच सजवले होते. हुजूर (स.) यांनी दुधाचा प्याला पुढे केला, तेव्हा नवरी लाजली. अस्मांनी तिला दटावले, घे म्हणून. तिने घेतला, प्यायली. मग मैत्रिणीलाही दे, असे हुजूर (स.) यांनी सांगितले. नवरीच्या हक्काचे तिच्या हातात पडेपर्यंत शेजारचीने गप्प बसू नये, असे आम्ही त्यातून घेतले.

तुमच्या घरात या हंगामात लग्न असेल, तर नवरीच्या मैत्रिणींना एवढे काम जरूर सांगा. महर किती, रोख की उधार, हे नवरीला आदल्या दिवशीच कळू द्या. निकाहनामा तिला वाचून दाखवा. आणि वकील विचारतील तेव्हा खोलीतला गलका थांबवा.

रुखसतीनंतर आम्ही तिच्यासोबत नातेपुत्यापर्यंत गेलो. दारात शरबत आले. तिने अर्धे पिऊन ग्लास आमच्या हातात दिला.