पाकर कुठे आहे?

आपल्या पाठशाळेतल्या आठ वर्षांच्या पोरीला अष्टमूलगुण विचारा. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबरफळांचा त्याग, असं ती एका दमात सांगेल. पाच फळं कुठली ग? वड, पिंपळ, उंबर, पाकर, कठूमर. शाबास. आता तिच्या आईला, आजीला आणि शिकवणाऱ्या पंडितजींना विचारा, की यातलं पाकरीचं झाड तेवढं दाखवा. मी विचारून पाहिलंय. वडापिंपळापर्यंत सगळे येतात, उंबरही ओळखतात, मग बोलणं चहाकडे वळतं. कठूमर म्हणजे अंजीर की काळा उंबर यावर तर एका घरात सासूसुनेचं भांडण लागायची वेळ आली होती.

पाकर म्हणजे काही हिमालयातलं झाड नव्हे. कन्नडमध्ये तिला बसरी म्हणतात, मराठीत पिंपरी. लांब देठाची पानं, झाडाला कोवळी पालवी फुटते तेव्हा तांबूस दिसते, आणि पानाच्या बेचक्यात देठ नसलेली बारकी फळं जोडीजोडीनं धरतात. आपण जन्मभर जिचा त्याग केला ती ही. त्यागाचा अभिमान आहे, ओळख मात्र नाही. बाजारात पाकरीची फळं विकायला येत नाहीत, त्यामुळे व्रत मोडायचीही भीती नाही. असला त्याग कुणालाही जमेल की!

हे फळ का खायचं नाही, तर त्यात त्रस जीव असतात म्हणून. उंबर फोडला की चिलटं उडतात हे आपल्या आज्यांनी पाहिलेलं होतं. ती चिलटं नव्हेत, त्या इवल्याशा गांधीलमाश्या. कच्च्या फळाच्या तोंडाशी असलेल्या भोकातून मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद, की शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. आत फुलं असतात, फळाच्या पोटात मिटलेली, बाहेरून कुणाला न दिसणारी. त्यांच्यावर ती पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढं नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी जुगतात, फळाला आतून भोक पाडतात, आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. वडाची माशी वेगळी, उंबराची वेगळी. ही माशी नाही तर बी नाही, बी नाही तर पुढं झाड नाही. ज्या कुणी हा नियम घातला त्यानं फळ फोडून पाहिलं होतं. आपण नियम ठेवला आणि पाहणं सोडलं.

हेच कंदमुळांचं. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, एवढी यादी आपल्याला पाठ. पण दहाव्या शतकात याच कर्नाटकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसार लिहिला, त्यात साधारण वनस्पती ओळखायची रीत दिलेली आहे. शिरा आणि पेरं अजून दिसत नाहीत, मोडली तर सरळ मोडते, तंतू निघत नाही, कापली तरी पुन्हा फुटते, अशा खुणा. म्हणजे हातात घेऊन, मोडून, उजेडाकडे धरून बघायची गोष्ट. हे शास्त्र वाचणाऱ्याला झाडांच्यात फिरलेलं असायलाच हवं. आपण चावुंडरायांचे गुरू म्हणून त्यांना नमस्कार करतो, बाहुबलींच्या महामस्तकाभिषेकाला बस भरून जातो, आणि त्या खुणा एका तरी पानावर लावून बघितल्यात का, तर नाही.

आता मुद्द्यावर येते. आमच्या एका महिला मंडळाकडे जीवदयेचा फंड आहे. त्यातून वर्षभर शहरातल्याच हिरव्या भागातली झाडं, पाखरं, किडे यांची नोंद करावी, पोरींसाठी भिंगं आणि वह्या घ्याव्यात, एखाद्या जाणकार वनस्पतिशास्त्राच्या बाईंना मानधन द्यावं, असा विषय मांडला गेला. ‘यात दया कुठाय?’ असं म्हणून तो बाजूला ठेवला. त्याच महिन्यात त्याच फंडातून पिंजऱ्यातले पोपट विकत आणून मंदिराच्या आवारात सोडले. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. दोन पोपट भिंतीपलीकडेही गेले नाहीत, कारण त्यांचे पंख छाटलेले होते.

बायांनो, आपला देशी पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा, आपला धर्म घ्या. पारध्याला पैसे कुणी दिले? आपण. पर्व जवळ आलं की मागणी वाढते हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो ढोलीतली पिल्लं आधीच काढून ठेवतो. हिंसा करणं, करवणं आणि तिला अनुमोदन देणं, तिन्ही सारखंच पाप असं आपणच शिकवतो ना? मग हे ‘करवणं’ नव्हे तर काय?

बाजारातले मासे तळ्यात सोडायचं खूळही आलंय. कुठला मासा, कुठल्या पाण्यातला, तळ्यात आधी कोण राहतं, काही विचार नाही. तिलापिया सोडला तर तो तळं व्यापतो आणि मूळच्या माशांना जागा उरत नाही. इथं मला आमच्या आजीचं गाळणं आठवतं. पाणी गाळून झालं की कापडावर उरलेली जीवाणी ती ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडायची. वरून ओतायची नाही, भांडं पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायचं. ‘दुसऱ्या पाण्यात ती मरतात ग,’ एवढंच तिचं स्पष्टीकरण. चौथी शिकलेल्या बाईला जे कळत होतं, ते आमच्या फंडाच्या कमिटीला कळू नये?

‘रानात पाय ठेवला की पायाखाली जीव मरतात, घरात बसून णमोकार म्हणा’ हे एक ठेवणीतलं उत्तर. कारखाना काढताना, लेआउट पाडताना, लग्नाला लॉन घेताना हे जीव आठवत नाहीत, बायका वही घेऊन बाहेर पडल्या की आठवतात! ईर्यासमिती म्हणजे काय? चार हात पुढची जमीन बघत चालणं. निसर्ग बघणारा माणूस नेमका तसाच चालतो, दहा पावलांना दहा मिनिटं लावतो. मुनिमहाराज आणि आर्यिकामाताजी पावसाळ्यात विहार थांबवतात, कारण त्या चार महिन्यांत जमीन जिवांनी भरून जाते. कुणीतरी वर्षानुवर्षं पावसातली जमीन वाकून बघितली, तेव्हा हे ठरलं. एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. फुलपाखरं टाचणीला टोचणं, बेडूक बाटलीत घालणं, झाडं उपटून वाळवणं हे आपण करायचं नाही. त्याची गरजही नाही. गळलेलं पान, चित्र, मोबाइलमधला फोटो, तारीख आणि जागा एवढ्यावर पुष्कळ काम होतं.

आणि आपण राहतो कुठं ते तरी बघा. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्यात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या रॉटनच्या वटवाघळाला १९१३ साली शास्त्रीय नाव मिळालं, आणि पुढं कित्येक दशकं जगात त्याची ही एवढीच वसाहत माहीत होती. मेघालय, कंबोडिया ही ठिकाणं फार नंतर सापडली. पंचेंद्रिय जीव आहे तो, पोटाला पिल्लू धरून वाढवणारा. धनेशही याच रानात. मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. (आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत नवऱ्यानं चहाचा कप नेला तर कौतुक होतं.) ती फळं कुठली? बरीचशी वड-उंबराच्या जातीची. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही यातलं कुठलं ना कुठलं फळलेलं असतं. आपण सोडलेली पाच फळं ज्यांच्यासाठी ठेवली, ते खाणारे हे.

म्हादईही याच तालुक्यात उगम पावते. कळसा-भांडुऱ्याचा वाद आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, २०१८ साली लवादाचा निवाडाही आला. कर्नाटकानं किती टीएमसी घ्यायचं आणि गोव्याला किती राहायचं, यावर आपल्या घरातले पुरुष जेवताना तावातावानं बोलतात. त्या ओढ्यांवर जगतं कोण, हे त्या ताटावर एकदाही निघत नाही. अहिंसावाद्यांच्या घरात तरी निघायला हवं होतं.

भीमगडला उठून जाता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते, आणि वटवाघळांच्या गुहेपाशी तर आपण जाऊच नये. सुरुवात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोतून करता येईल. कधीकाळी देवीची लस तयार व्हायची ती ही जागा. निम्मं शहर तिथं सकाळी फिरायला जातं, आपल्यातल्या किती जणी तर हातात माळ घेऊन. तिथं स्मार्ट सिटीची कामं निघाली तेव्हा मोजके लोक झाडांसाठी भांडले. अशा भांडणात ‘खूप झाडं आहेत हो’ म्हणून भागत नाही. कुठलं झाड, किती, त्यावर घरटं कुणाचं, कुठल्या महिन्यात, हे कागदावर लागतं. ते कागद बायकांनी तयार करावेत. तांदूळ निवडून आपली नजर तयार झालेली आहे, आणि डाळीतली अळी चष्म्याशिवाय दिसते ती फांदीवरची का दिसणार नाही?

महिन्यातून दोन रविवार, सकाळी सात ते नऊ. दहा पोरी, पाच बाया, एक जाणकार. पहिल्या वर्षी फक्त झाडं, आणि त्यातही आधी आपली पाच उदुंबरं, ती पुरी ओळखून झाल्याशिवाय सहावं घ्यायचं नाही. नोंदी मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण पोरींना दोन्ही वाचता येतात आणि माळ्याला एकच. खर्च जीवदयेच्या फंडातून, पै-पैच्या हिशोबासकट. पुढच्या मीटिंगला हा विषय पहिला घ्यावा असं मी लेखी दिलेलं आहे. पोपट आणणाऱ्यांनीही त्या दिवशी यावं, आणि येताना पोपटांची पावती घेऊन यावी.