वेव्ह हिलनंतर साठ वर्षांनी

येत्या 23 ऑगस्टला ऑस्ट्रेलियातल्या वेव्ह हिलच्या संपाला साठ वर्षे होतील. 1966 साली त्या दिवशी गुरिंजी जमातीचे दोनेकशे गुराखी, मोलकरणी आणि त्यांची पोरेबाळे व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागून व्हेस्टी या ब्रिटिश मालकाच्या रानातून चालत बाहेर पडली. पिढ्यान्‌पिढ्या राबून त्यांच्या पदरात पडत होते ते मुख्यतः पीठ, चहा, साखर आणि खारवलेले मांस. पुढे 1975 मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या हातात माती ओतली आणि त्या छायाचित्राने संपाची गोष्ट जमिनीची करून टाकली. मजुरीचा प्रश्न मागे पडला. तो अजून मिटलेला नाही.

संपाच्याच वर्षी लवादाने आदिवासी गुराख्यांना समान वेतनाचा निवाडा दिला आणि 1968 च्या अखेरीस तो लागू झाला. मालकांनी माणसेच कमी केली. कुटुंबे आडरानातल्या वस्त्यांवर आली. तिथे काम नव्हते, मग बेकारभत्ता आला. बसून मिळणारा पैसा तरुणांना बिघडवतो, ही तक्रार वस्त्यांवरच्या वडीलधाऱ्यांनीच केली. त्यातून 1977 मध्ये सीडीईपी ही योजना निघाली. वस्तीचा भत्ता एकरकमी स्थानिक संस्थेकडे द्यायचा, काम संस्थेने ठरवायचे आणि केलेल्या कामाची मजुरी द्यायची. योगायोग असा की महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदाही 1977 चाच. आपल्याकडे मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला, तिकडे कशाला काम म्हणायचे हे ठरवण्याची मुभा मिळाली. मला ही दुसरी गोष्ट कमी मोलाची वाटत नाही.

अर्नहेम लँडमधल्या मनिंगरिडाचे जेल्क रेंजर, म्हणजे रान राखणारे स्थानिक आदिवासी, सीडीईपीच्याच पैशावर उभे राहिले. पावसाळा सरला, गवत अजून अर्धे ओले आहे, अशा वेळी ते रानात ठिकठिकाणी छोटी आग लावतात. रात्रीच्या दवाने ती आपोआप विझते. मागे राहिलेल्या जळक्या पट्ट्यांमुळे वर्षाअखेरचे मोठे वणवे अडतात. हे ज्ञान पूर्वापार त्यांचेच होते, त्याला पगार मिळाला एवढेच.

सीडीईपीत दोष होते. शाळेतला मदतनीस, कचरा उचलणारा, दवाखान्यातला सहायक ही सरकारने पूर्ण पगारावर भरायची पदे या स्वस्त मजुरीत उरकली जात. पण उपाय म्हणून 2007 पासून योजनाच मोडायला घेतली. 2015 मध्ये आलेल्या सीडीपी या योजनेने भत्त्यासाठी आठवड्याला 25 तास, तेही वर्षभर, हजेरी सक्तीची केली. शहरी बेकारावर एवढी सक्ती नव्हती. मजुरी नाही, भरपगारी रजा नाही, निवृत्तीची तरतूद नाही. खाडा झाला की कपात आणि वारंवार झाला तर आठ आठवड्यांपर्यंत भत्ता बंद. वस्तीत मयत झाली की दिवसच्या दिवस सगळे व्यवहार थांबतात. मस्टरवर मात्र तो खाडाच. दाद मागायची तर दूरच्या कचेरीला फोन लावून ताटकळायचे, तेही फोन असला तर. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या न्गान्याचारा लोकांनी योजनेविरुद्ध दावा लावला. 2021 मध्ये तो 20 लाख डॉलरवर मिटला आणि त्याच वर्षी सक्तीही गेली.

आता सरकार पुन्हा मजुरीकडे वळले आहे. 2024 मध्ये जाहीर झालेल्या नव्या योजनेत 70 कोटींहून अधिक डॉलर खर्चून तीन वर्षांत 3000 नोकऱ्या द्यायच्या ठरल्या. किमान वेतन, रजा, निवृत्तिनिधी, सगळे त्यात आहे आणि कोणते काम हवे हे वस्तीने सांगायचे आहे. दिशा बरोबर आहे, आकडा तोकडा आहे. सीडीपीच्या यादीवर चाळीस हजारांच्या आसपास माणसे होती. शिवाय अनुदान मुदतीचे. ते संपल्यावर रेंजरचा किंवा वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाईचा पगार कोण देणार? आडरानात बाजार या नोकऱ्या उचलून धरील ही आशा सरकारांनी अर्धशतक बाळगून पाहिली. शहरातल्या अग्निशामकाचा किंवा परिचारिकेचा पगार मुदतीच्या अनुदानावर कोणी टांगून ठेवत नाही. या पदांची तरतूदही दरसाल अर्थसंकल्पातच व्हायला हवी.