डाउनलोड केलेला उतारा खरा कशावरून?

मढ जेट्टीहून मालाड गाठायचे, तर बेस्टच्या २७१ क्रमांकाच्या बसमधून मार्वे रस्त्याची कोंडी सोसावी लागते. जागेचे मालमत्ता पत्रक मोबाइलवरच मिळाले, तर ही खेप वाचते. ‘महाभूमी’ संकेतस्थळावर ती सोय आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही तेथे १५ रुपयांत मिळतो. पण असा उतारा दाखवला की अजूनही प्रश्न येतो, ‘यावर शिक्का कुठे आहे?’

अशा सेवेत आपण क्रमांक भरला की सर्व्हर नोंद शोधतो, ती ठरलेल्या नमुन्यात बसवतो आणि पीडीएफ फाइल पाठवतो. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. फाइलमधील मजकुरावरून काढलेला तो एक गणिती ठसा असतो. नंतर एक अंक जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली आहे.

प्रिंट काढली की मात्र हे गणित कागदावर उतरत नाही. म्हणूनच सातबाऱ्यावर क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. असा उतारा सरकारी, बँकेच्या व न्यायालयीन कामासाठी वैध असल्याचे महसूल विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. मग शिक्का मागण्याऐवजी हा क्रमांक तपासणे, हेच टेबलापलीकडच्या माणसाचे काम आहे.

पण एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. स्वाक्षरी फाइलची हमी देते, मूळ नोंदीच्या खरेपणाची नाही. मढ-एरंगळ परिसरात भूमापन नकाशांत फेरफार करून बांधकामे जुनी दाखवल्याच्या आरोपांचा तपास मुंबई पोलिसांच्या विशेष पथकाकडे गेला. दप्तरातच खाडाखोड झाली, तर सर्व्हर तीच चूक सही करून घरपोच देईल.

म्हणून केवळ आजचा उतारा देऊन भागणार नाही. जुने मूळ नकाशे आणि त्यांत कधी, कोणाच्या आदेशाने बदल झाला याची नोंदही त्याच पद्धतीने डाउनलोड करता यायला हवी. दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले, तर खाडाखोड लपवणे अवघड जाईल.

तोवर आपल्या हाती एवढे आहे: स्क्रीनशॉट नको, मूळ पीडीएफ जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवतानाही ती फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.