गाठीतले हाड

मोठ्या आतड्यातून काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून मायक्रोटोमवर चढवला जातो. एरवी पाते अलगद फिरते आणि पातळ पापुद्रे सुटत जातात. क्वचित मात्र ते करकरते आणि पापुद्रा फाटतो. मग तुकडा आम्लात मुरवून त्यातले कॅल्शियम काढावे लागते. त्यानंतर स्लाइडवर दिसते ते चक्क हाड: गुलाबी पट्ट्या, कडेने ओळीने बसलेल्या हाड घडवणाऱ्या पेशी आणि पट्ट्यांच्या आत बारीक खळग्यांत अडकलेल्या त्यांच्याच जुन्या सोबतिणी.

प्रकार दुर्मीळ खरा, पण नवा नव्हे. आतड्याच्या कर्करोगाचे टप्पे ज्यांच्या नावाने ओळखले गेले, त्या लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३९ मध्येच गुदाशयाच्या कर्करोगातील हाडाविषयी लिहिले होते. आतड्यात हाड येते कसे, याचा धागा पुढे संशोधक मार्शल युरिस्ट यांच्या १९६५ च्या प्रयोगांतून मिळाला. कॅल्शियम काढलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले, तर तिथे नवे हाड तयार होई. हा हुकूम देणारी प्रथिने नंतर हाती लागली. त्याच कुळातली प्रथिने अशा गाठींच्या पेशींतही आढळली आहेत. कर्करोगाच्या पेशी इशारा देतात आणि शेजारच्या निरोगी संयोजी पेशी तो पाळून हाड रचतात, असे आज मानले जाते. मृत पेशींवर नुसता कॅल्शियमचा थर बसणे ही वेगळी गोष्ट.

हे सारे वाचकांपुढे मांडण्याचे कारण व्यवहारातले आहे. तपासणीचा अहवाल आता डॉक्टरांआधी घरच्यांच्या मोबाइलवर येतो. त्यात ‘ऑसिफिकेशन’ हा शब्द दिसला की ‘कॅन्सर हाडात गेला’ असाच अर्थ घरात लावला जातो. वस्तुस्थिती उलटी आहे. कर्करोग हाडात पोहोचलेला नसतो, गाठीत हाड तयार झालेले असते. रोगाचा टप्पा ठरतो तो गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथींत आणि दूरच्या अवयवांत पोहोचली का, यावर. हाड रचणाऱ्या पेशीच कर्करोगाच्या नाहीत ना, हे मात्र पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे, कारण तो आजार वेगळा ठरतो. तसे नसेल, तर ‘हा हाडातला प्रसार नव्हे’ एवढे एक वाक्य अहवालात लिहावे. पॅथॉलॉजिस्टची त्यात अर्धी ओळ जाईल, पण घरच्यांची एक रात्र वाचेल.