आधी पीठ मळावे

नातवाच्या मुंजीची पत्रिका मराठी आणि कन्नड, दोन्हींत हवी होती. सूनबाईंच्या माहेरून आलेला कन्नड मजकूर चिरंजीवांनी लिब्रेऑफिसमध्ये उघडला, तर नुसती इंग्रजी अक्षरे! ते वापरणाऱ्या मंडळींकडे त्यांनी मदत मागितली, 'मजकूर दिसत नाही. तातडीने सांगा.' दोन दिवस उत्तर नाही, तशी घरात आदळआपट.

अहो, 2010 साली सुरू झालेले हे सॉफ्टवेअर मुळात फुकट. अडलेल्यांना सांगणारे बहुतेक जण आपापली नोकरी सांभाळून, हौसेने सांगतात. पापड लाटायला शेजारणी येतात, तेव्हा आपण पीठ मळून, लाट्या करून ठेवतोच ना? एरिक रेमंड यांनी 2001 साली लिहिले तेही असेच : आधी स्वतः शोधा, मग काय केले आणि काय घडले ते नेमके सांगा.

तसे नेमके लिहायचे म्हणून चिरंजीवांनी सासऱ्यांना फोन करून फॉन्ट विचारला. तो निघाला जुना, युनिकोडच्या आधीचा! मजकूर युनिकोडमध्ये बदलला आणि पत्रिका छापायला गेली.

आता तो उपाय त्यांनी पुढच्या अडलेल्यासाठी लिहून ठेवला आहे. फुकटच्या मदतीची परतफेड अशीच करायची असते.