नंबर गेला, आजी उद्या या!

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एक वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आता ते तोंडपाठ झालंय: 'नंबर गेला, आजी. उद्या या.' बोलणारा वाईट माणूस असतोच असं नाही. कधी कधी तो अगदी मायेनंही बोलतो. पण त्या आजीसाठी 'उद्या' म्हणजे काय असतं, हे त्याला कुणी विचारलेलं नाही आणि त्यालाही ते कधी विचारावंसं वाटलेलं नाही.

आपण विचारू या.

आमच्या वस्तीतल्या एका आजीचा दिवस सांगतो. वय सत्तरीच्या पुढे. साखर, बीपी, दोन्ही गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. जिल्ह्याचं ठिकाण चाळीस किलोमीटरवर. सकाळची पहिली एसटी सहाची, म्हणून आजी चारला उठते. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, म्हणून चहासुद्धा घेत नाही. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, पासष्टीनंतर अर्धं तिकीट आहे. चांगलंच आहे. पण एसटीची पहिली पायरी आजीच्या गुडघ्याच्या वर येते. तिकीट माफ झालं, पायरी माफ झाली नाही. खालून नातू ढकलतो, वरून कंडक्टर हात देतो, तेव्हा आजी गाडीत चढते.

साडेआठला दवाखाना. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग. बसायला जागा नाही, कारण उठला की नंबर जातो. दहाच्या सुमारास डॉक्टरांपुढे. समोर पन्नास माणसं उभी असताना डॉक्टर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणार कसा? तो रक्ताची तपासणी लिहून देतो. रक्त घेण्याची खोली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. रॅम्प आहे, पण रॅम्पवर मोटारसायकली उभ्या आहेत. व्हीलचेअर आहे, पण ती कुलपात आहे आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो चहाला गेलाय. आजी भिंत धरत धरत पोचते, तोवर रक्त घेण्याची वेळ संपलेली असते. 'उद्या या.' गुडघ्यांची ओपीडी मात्र उद्या नाही, ती परवा. डोळ्यांची त्याच्या पुढच्या दिवशी. एक शरीर, तीन दुखणी, तीन चकरा.

आम्ही आजीला पाण्याची बाटली दिली. तिनं घेतली नाही. म्हणाली, 'पाणी पेलं की लघवीला लागतं, अन् उठलं की नंबर जातो, लेका.' साखरेची रुग्ण असलेली म्हातारी बाई उन्हाळ्यात सहा तास उपाशी आणि तहानलेली राहते, फक्त नंबर जाऊ नये म्हणून. आणि तरीही नंबर जातो. कारण पुकारा झाला तेव्हा तिला ऐकू आलं नाही.

पुढच्या महिन्यात ती गेली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मग शिबिरात एक साहेब आम्हाला म्हणाले, 'तुमच्या लोकांना आरोग्याचं भानच नाही. औषधं अर्धवट सोडतात.'

मित्रांनो, हा लेख त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिला आहे.

औषध आजीनं सोडलं नाही. व्यवस्थेनं तिला सोडलं. जी ओपीडी पाच तास उभं राहू शकणाऱ्या, पुकारा ऐकू येणाऱ्या, पाटी वाचता येणाऱ्या आणि खिशात स्मार्टफोन असणाऱ्या शरीरासाठीच आखली आहे, ती ओपीडी थकलेल्या शरीराला हाकलूनच देते. त्यासाठी तिला कुणाला शिवी द्यावी लागत नाही की दार बंद करावं लागत नाही. समाजशास्त्रात याला संरचनात्मक हिंसा म्हणतात. योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली ही कल्पना मांडली. मारणारा हात दिसत नाही, पण माणूस मरतो. आमच्या आजीला ही संकल्पना माहीत नाही. तिला ती भोगून माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, दवाखाना तर सगळ्यांना खुला आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही मोफत आहेत. मग तक्रार कसली?

'खुला आहे' या दोन शब्दांचा इतिहास आपल्याला कुणी शिकवायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या झाल्या. आणि नीट वाचा, त्या यादीत सार्वजनिक दवाखानेही होते. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर तळं खुलं होतं. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथं चालत का जावं लागलं? कारण कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांच्यामध्ये जे अंतर असतं, त्या अंतरातच विषमता राहते. त्यावर हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

ओपीडीचं दार आणि डॉक्टरची खुर्ची यांच्यामधलं अंतर हे तसंच अंतर आहे. आमच्या म्हाताऱ्या माणसांसाठी दवाखाना कागदावर खुला आहे.

आणि कागद तर भक्कम आहेत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आपल्याला फक्त 'पोरानं सांभाळलं नाही तर तक्रार करायची' एवढ्यापुरता माहीत आहे. त्याचं कलम २० वाचा. सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, असं ते सांगतं. खाटांबाबत त्यात 'शक्य तेवढ्या' अशी सवलत दिली आहे, रांगेबाबत तशी सवलत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी राखीव सोयी असाव्यात, हेही त्याच कलमात आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २५: सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी याच कायद्यानं नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे निकष हे निव्वळ सूचना ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं बजावलं. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेट, अशी तरतूद आहे.

तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही ओपीडी कोणत्या वारी असते? वाचणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल? आम्हालाही दोन वर्षांपूर्वी सांगता आलं नसतं.

सरकार यावर आयुष्मान कार्ड पुढे करतं. सत्तरीवरच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांचं संरक्षण. पण ते कार्ड भरती झाल्यावर कामाला येतं. ओपीडीच्या चकरांना, रिक्षाच्या भाड्याला, बुडालेल्या मजुरीला ते लागू नाही. म्हणजे साखर वाढून पाय कापायची वेळ आली की सरकार पैसे देणार, पण पाय वाचवणाऱ्या महिन्याच्या तपासणीला आजी पोचली की नाही, हे बघणार नाही. शिवाय सत्तर वर्षं कुणाची मोजायची? आमच्या कित्येक म्हाताऱ्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. जन्माची नोंदच नव्हती, कुणीतरी अंदाजानं वर्ष टाकलं. त्या अंदाजात पाच वर्षं कमी पडली की हक्कही पाच वर्षं पुढे ढकलला जातो.

इथं एक आक्षेप हमखास येतो: 'यात जात कुठून आणली? म्हातारपण सगळ्यांनाच येतं.'

येतं. पण सारखं येत नाही. ज्या बाईनं वीस-पंचवीस हंगाम ऊस तोडला, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेली फळी चढली, तिचे गुडघे पन्नाशीतच सत्तरीचे होतात. ज्यानं गटारात उतरून काम केलं, त्याच्या फुप्फुसांचं वय कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नसतं. ही कामं कोणाच्या वाट्याला आली, हे काय लॉटरीनं ठरलं? आणि दुसरी गोष्ट, ज्याच्याकडे गाडी आहे, पोरगा रजा टाकू शकतो, ओळखीचा डॉक्टर आहे, त्याला या रांगेत उभंच राहावं लागत नाही. आमच्याकडे आजीसोबत जाणाऱ्या पोराचा रोज बुडतो. एक अपॉइंटमेंट म्हणजे दोन माणसांचा खाडा. आजी मनातल्या मनात हा हिशोब करते आणि म्हणते, 'मला आता बरं वाटतंय, नाही जात.' तिला बरं वाटत नसतं.

दुसरा आक्षेप: 'डॉक्टर कमी आहेत, कर्मचारी कमी आहेत, पैसा नाही.' खरं आहे. रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत आणि त्या लढ्यात आम्ही डॉक्टर, नर्स आणि आशाताईंच्या बाजूनं आहोत. संविधानाच्या कलम ४१ मध्ये वार्धक्यात आणि आजारपणात साहाय्याची गोष्ट 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशा शब्दांत आहे, हेही आम्हाला माहीत आहे. पण रॅम्पवरच्या मोटारसायकली हटवायला कोणती कुवत लागते? व्हीलचेअर कुलपातून काढून दारात ठेवायला कोणतं बजेट लागतं? रांग बाकावर बसवून टोकननं पुढे सरकवायला, लांबच्या एसटीनं येणाऱ्या म्हाताऱ्यांचं रक्त अकरानंतरही घ्यायला, तीन विभागांची तारीख एकाच दिवशी लावायला किती कोटी हवेत? इथं पैसा कमी नाही, इथं त्या माणसाची किंमत कमी धरली आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूनं बोलताना बाबासाहेबांनी श्रम करणाऱ्या बाईच्या विश्रांतीचा भार सरकारनंही उचलावा असं मांडलं होतं. आयुष्यभर श्रम करून झिजलेलं शरीर हा त्याच हिशोबाचा पुढचा भाग आहे.

आता थोडं आपल्याकडेही बघू.

चौदा एप्रिलला आपण आरोग्य शिबिर घेतो. बीपी मोजतो, साखर मोजतो, फोटो काढतो. साखर तीनशे निघालेल्या आजीला चिठ्ठी देतो: 'जिल्हा रुग्णालयात दाखवा.' आणि डीजेच्या तयारीला लागतो. ती चिठ्ठी घेऊन आजी पोचली का, हे किती मंडळांनी पाहिलं? आम्हीही अनेक वर्षं पाहिलं नाही. 'उद्या या' म्हणणाऱ्या कारकुनात आणि चिठ्ठी देऊन मोकळ्या होणाऱ्या आपल्यात फार फरक नव्हता. आजारी भिक्खूला स्वतःच्या हातानं धुऊन अंथरुणावर निजवणाऱ्या बुद्धाची गोष्ट आपण विहारात ऐकतो. त्या भिक्खूला बाकीच्यांनी सोडून दिलं होतं, कारण तो कुणाच्या उपयोगाचा उरला नव्हता. ही गोष्ट फक्त ऐकण्यासाठी नाही.

म्हणून काही ठोस कामं. एक, आपल्या रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. विचारा: ज्येष्ठांची वेगळी रांग कोणत्या तारखेपासून आहे? चालू स्थितीतल्या व्हीलचेअर किती आणि त्या कुठे ठेवल्या जातात? ज्येष्ठांच्या ओपीडीचे वार कोणते? अंथरुणाला खिळलेल्या किती रुग्णांना गेल्या वर्षी घरी भेट दिली? दोन, एक पूर्ण दिवस ओपीडीत बसा, वही घेऊन. किती वाजता कोण आलं, किती वाजता परत पाठवलं, का पाठवलं, हे लिहा. माणसांची नावं लिहू नका, वेळा लिहा. तीन, ही वही आणि कलम २० घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवा आणि ऐकलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. चार, आपल्या मागण्यांत एक मागणी पक्की ठेवा: मोबाईल नसला तरी नंबर मिळाला पाहिजे. आभाचा क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर लवकर निघत असेल तर आनंद आहे, पण स्कॅन न येणाऱ्याला सर्वांत शेवटी उभं करणारी सोय ही सोय नाही, ती नवी वेस आहे. पाच, जी तारीख चुकली तिच्यापुढे 'गैरहजर' लिहिण्याआधी आशाताईंमार्फत एकदा विचारलं जावं: का आला नाहीत?

आणि हे सगळं होईपर्यंत वस्तीतली यादी करा. कोणत्या आजीची, कोणत्या बाबांची तारीख कधी आहे, ते विहाराच्या फळ्यावर लिहा. आळीपाळीनं एकेकानं सोबत जा. ही दया नाही आणि कायमचा उपायही नाही. सरकारनं करायचं काम आपण फुकटात करून द्यावं, असंही आमचं म्हणणं नाही. पण सोबत गेल्याशिवाय ते अंतर दिसत नाही आणि न दिसलेल्या अंतराविरुद्ध कुणी लढत नाही.

आमची आजी आता परत जाऊ लागली आहे. मागच्या खेपेला आमच्यातली एक मुलगी खिडकीपाशी उभी राहिली आणि कलम २० ची छापील प्रत आत सरकवली. आतल्या माणसानं ती वाचली, काही बोलला नाही, उठून एक खुर्ची बाहेर आणून ठेवली. एक खुर्ची. आजी तिच्यावर बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायली.

एका खुर्चीवर आम्ही समाधानी नाही. पण ती खुर्ची आधीपासून आतच होती, हे विसरू नका.

जय भीम! जय संविधान!