प्रश्न पाठच्या मुलाचा

कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म तेथेच झाला. त्या बाळंतपणात आईची प्रकृती इतकी चिंताजनक झाली की आजीने सागरोबाला साकडे घातले. लेक सुखरूप सुटली तेव्हा देवाने दिलेल्या यशाची आठवण म्हणून नातवाचे नाव यशवंत ठेवले गेले, अशी हकीगत ‘कृष्णाकाठ’ या त्यांच्या आत्मचरित्रात आली आहे. त्या काळी अडलेल्या बाळंतिणीला देवाखेरीज दुसरा आधार नव्हता. आज परिस्थिती पालटली आहे. कडेगाव तालुक्याचे ठिकाण झाले, टेंभू योजनेचे पाणी शिवारात आले, गुहागर-विजापूर महामार्गामुळे एका बाजूस कऱ्हाड व दुसऱ्या बाजूस विटा हाताशी आले. बाळंतपणे घरात न होता रुग्णालयात होऊ लागली. मात्र पहिल्या बाळंतपणासाठी लेकीने माहेरी यावे, हा रिवाज पुष्कळ घरांत अद्याप टिकून आहे. तो प्रेमाचा आहे आणि मोडावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु माता व गर्भ यांच्या रक्तगटांतील विसंगतीच्या प्रश्नाशी त्याचा जो संबंध येतो, त्याचा विचार सहसा होत नाही.

या विसंगतीचे स्वरूप समजण्यास कठीण नाही. माणसाच्या तांबड्या रक्तपेशींवर ‘डी’ नावाचा एक घटक बहुतेकांच्या बाबतीत असतो. तो असणाऱ्यांना आरएच पॉझिटिव्ह व नसणाऱ्यांना निगेटिव्ह म्हणतात. युरोपीय लोकांत शंभरांपैकी सुमारे १५ जण निगेटिव्ह असतात. भारतात हे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास आहे. निगेटिव्ह असणे हा रोग नव्हे, दोषही नव्हे. प्रश्न उद्भवतो तो आई निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असेल तेव्हा. प्रसूतीच्या वेळी वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्या पेशींना परके मानते व त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. तोवर पहिले मूल जन्माला आलेले असते, म्हणून त्याला सहसा धोका पोहोचत नाही. परंतु शरीराची ही स्मृती कायम राहते. पुढच्या खेपेस गर्भ पुन्हा पॉझिटिव्ह असला की हीच प्रतिद्रव्ये वारेतून पलीकडे जाऊन त्याच्या तांबड्या पेशी नष्ट करू लागतात. गर्भ रक्तहीन होतो, त्याच्या अंगावर सूज येते, कधी तो पोटातच दगावतो. जन्माला आलाच तर त्याला पहिल्याच दिवसापासून तीव्र कावीळ होऊ शकते. वेळीच उपचार न झाल्यास ती मेंदूपर्यंत पोहोचते आणि वाचलेल्या मुलाला बहिरेपण किंवा मेंदूचा पांगळेपणा जन्मभर वागवावा लागतो.

पहिले मूल धडधाकट आणि पाठची मुले जगत नाहीत, असे ज्या घरांत घडे तेथे पूर्वी दोष बाईच्या पायगुणाला दिला जाई. मूल जगावे म्हणून त्याचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवले जाई. ते सारेच मृत्यू रक्तगटामुळे होत असे मुळीच नाही. साथी, धनुर्वात, उपासमार ही कारणे कितीतरी मोठी होती. परंतु त्यांपैकी काही घरांत हे कारण निश्चितच असले पाहिजे. आणि त्या बाईचा अपराध एवढाच होता की तिच्या रक्तात एक घटक नव्हता.

हे गूढ उकलले त्याला आता आठ दशकांहून अधिक काळ लोटला. १९४० मध्ये लँडस्टायनर व वीनर यांनी आरएच घटकाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लेव्हिन यांनी अर्भकांच्या या रोगाशी त्याचा संबंध जोडून दाखवला. पुढे लिव्हरपूल येथे क्लार्क व फिन, तर न्यूयॉर्क येथे फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक यांनी प्रतिबंधाचा मार्ग शोधला, आणि १९६८ मध्ये ‘अँटी-डी’ हे इंजेक्शन वापरात आले. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते मातेला दिले असता बाळाच्या पेशी तिच्या शरीराने ओळखण्यापूर्वीच नाहीशा होतात व प्रतिद्रव्ये तयारच होत नाहीत. प्रतिबंध केला नाही आणि मायलेकरांचे मुख्य रक्तगट जुळणारे असले, तर शंभरांपैकी सुमारे १६ माता बाधित होतात. प्रसूतीनंतरच्या इंजेक्शनाने हे प्रमाण दोनांच्या खाली येते. गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यात आणखी एक मात्रा दिल्यास ते हजारी दोन-तीनांच्या घरात जाते. वैद्यकशास्त्रात इतका निर्णायक प्रतिबंध क्वचितच आढळतो.

महाराष्ट्राला हे शास्त्र परके आहे, असेही नाही. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो अतिदुर्मिळ रक्तगट शोधला, तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. पुढे १९५७ मध्ये मुंबईतच रक्तगटांच्या अभ्यासासाठी केंद्र निघाले व त्यातून आजची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही. उणीव आहे ती हे ज्ञान योग्य त्या स्त्रीपर्यंत योग्य त्या तीन दिवसांत पोहोचवण्याची, आणि हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

ताप आला की माणूस आपणहून औषध मागतो. कारण पीडा त्याची, खर्च त्याचा आणि आरामही त्यालाच. अँटी-डीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींची फारकत झालेली असते. इंजेक्शन घ्यावयाचे ते धडधाकट बाळंतिणीने, आणि लाभ होणार तो अद्याप गर्भातही न आलेल्या मुलाला. घरात पेढे वाटले जात असताना, आई व मूल दोघेही सुखरूप असताना, काही हजार रुपयांचे इंजेक्शन कशासाठी, असा प्रश्न सासऱ्याला वा वडिलांना पडला तर त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. ज्याची निकड कोणालाच जाणवत नाही अशा वस्तूची मागणी बाजारात उत्पन्न होत नसते. शिवाय हे इंजेक्शन लागले की काय टळले, हे कधीच दिसत नाही. न झालेल्या नुकसानीची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. म्हणूनच ही गोष्ट कुटुंबाच्या ऐपतीवर आणि मर्जीवर सोपवून चालणार नाही. ती लसीकरणासारखीच सार्वजनिक जबाबदारी मानावी लागेल.

काळाच्या या फारकतीत माहेरच्या रिवाजामुळे स्थळाच्या फारकतीची भर पडते. नवविवाहितेची पहिली तपासणी सासरच्या उपकेंद्रात होते, सातव्या महिन्यात ती माहेरी जाते, बाळंतपण तिसऱ्याच गावच्या रुग्णालयात होते, आणि दुसऱ्या खेपेस ती सासरीच असते. ७२ तासांची मुदत संपते एका गावात, परिणाम दिसतो दुसऱ्या गावात. लेक सासरी निघते तेव्हा बाळंतविडा आठवणीने सोबत दिला जातो. तपासणीचे कागद मात्र अनेकदा माहेरच्या ट्रंकेतच राहतात. कडेगावच्या बाबतीत तर मध्ये जिल्ह्याची हद्दही येते. तालुका सांगली जिल्ह्यात; पण बाळंतिणीला सोयीचे पडणारे कऱ्हाड सातारा जिल्ह्यात. एका जिल्ह्याच्या नोंदवहीतील नाव दुसऱ्या जिल्ह्याच्या नोंदवहीत आपोआप उतरत नाही.

या भागाची आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली पाहिजेत. सोने-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी खानापूर-कडेगाव परिसरातील असंख्य कुटुंबे देशभर विखुरली आहेत; त्यांतील स्त्रीचे पहिले बाळंतपण गावी, तर दुसरे एखाद्या परप्रांतीय शहरात होणे स्वाभाविक आहे. उलटपक्षी, साखर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणीस येणाऱ्या स्त्रिया गरोदरपणातच या तालुक्यांत राबत असतात. गर्भपात झाला किंवा करावा लागला, तरीही निगेटिव्ह स्त्रीला या इंजेक्शनाची गरज पडू शकते. फडातल्या खोपटात असा प्रसंग ओढवला तर तिचा रक्तगट कोणाला ठाऊक असणार? मूल झालेच नाही म्हणून या स्त्रिया हिशेबातूनच गळतात आणि पुढच्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते.

हे काम किती मोठे आहे, याचा एक साधा अदमास करता येईल. सुमारे दीड लाख वस्तीच्या तालुक्यात हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला सव्वादोन हजार बाळंतपणे होतील. शेकडा ५ प्रमाणे निगेटिव्ह माता शंभर ते सव्वाशे, म्हणजे आठवड्याला सरासरी दोन. त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोड्या अधिक मातांची मुले पॉझिटिव्ह निघतील. २८व्या आठवड्यातील मात्रा सर्वांना आणि प्रसूतीनंतरची मात्रा या मातांना द्यावयाची, तर वर्षाला सुमारे २०० मात्रा लागतील. एका मात्रेस अडीच हजार रुपये धरले तरी एकूण खर्च पाच लाखांच्या घरात राहतो. काहीच केले नाही तर दरसाल दहा-बारा माता कायमच्या बाधित होतील. एकदा प्रतिद्रव्ये तयार झाली की अँटी-डीचा उपयोग नसतो. मग उरतो तो पोटातल्या गर्भाला रक्त देण्याचा किंवा जन्मलेल्या बाळाचे रक्त बदलण्याचा मार्ग. हे उपचार मोठ्या रुग्णालयातच होतात आणि त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाला कर्जात लोटणारा असतो.

या आकड्यांतच अडचण व उपाय दोन्ही आहेत. आठवड्याला दोन ही संख्या इतकी लहान आहे की प्रत्येक आरोग्य केंद्राने साठा ठेवला तर तो मुदतबाह्य होऊन वाया जाईल. आणि इतकीही लहान नाही की तो प्रसंग योगायोगावर सोडावा. गरज विरळ असली तरी ती आकस्मिक नाही. कोणती स्त्री निगेटिव्ह आहे आणि तिची तारीख कोणत्या आठवड्यात आहे, हे सहा-सहा महिने आधी कळू शकते. तेव्हा रक्तगट पहिल्याच तपासणीत, शक्यतो तिसरा महिना संपण्यापूर्वी, पाहिला जावा; पतीचाही पाहावा; निगेटिव्ह मातांची यादी तारखेनिशी तालुक्याच्या पातळीवर असावी; आणि त्या यादीच्या आधारे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील शीतपेटीत साठा ठेवला जावा. लस जेथे टिकते तेथे हे औषधही टिकते. माहेरी निघालेल्या निगेटिव्ह मातेची खबर सासरच्या आशा सेविकेने माहेरच्या सेविकेला कळवावी. खाजगी प्रसूतिगृहातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर ‘अँटी-डी दिले’ किंवा ‘दिले नाही’ हे स्पष्ट लिहिलेले असावे.

यासाठी नवी योजना काढण्याचे कारण नाही. अँटी-डी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या सूचीत आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला तपासण्या, औषधे व रक्त मोफत मिळावयाचे आहे. दरमहा ९ तारखेस गरोदर मातांची विशेष तपासणी २०१६ पासून होत आहे. परंतु औषध सूचीत असणे आणि रविवारी रात्री बाळंत झालेल्या स्त्रीला मंगळवारपर्यंत ते हाती लागणे, यांत फार मोठे अंतर असते.

ग्रामीण भागात रक्तक्षयाने गांजलेल्या गरोदर स्त्रियांची संख्या याच्या अनेक पटींनी मोठी आहे, मग पाच टक्क्यांचाच कैवार का, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप खोटा नाही. परंतु रक्तक्षयाची मुळे दारिद्र्यात, आहारात आणि स्त्रीच्या घरातील स्थानात आहेत; तो एका इंजेक्शनाने जाणारा नव्हे. हा प्रश्न मात्र मोजक्या पैशांत जवळजवळ पूर्णपणे सुटणारा आहे. मोठे काम अवघड आहे म्हणून लहान काम मागे ठेवणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

गैरसमज दूर करण्याचे काम मात्र शासनापेक्षा शाळा-महाविद्यालयांना अधिक चांगले जमेल. पती-पत्नींचा रक्तगट एकच असला की मुलांना धोका असतो, ही समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. तिला आधार नाही. आईबाप दोघेही निगेटिव्ह असतील तर या विसंगतीचा प्रश्नच उद्भवत नाही. आई ‘ओ’ गटाची आणि मूल ‘ए’ वा ‘बी’ गटाचे असता पहिल्या मुलालाही कावीळ होऊ शकते. पण ती बहुधा सौम्य असते व प्रकाशोपचाराने आटोक्यात येते. पत्रिकेतील एकनाड म्हणजेच रक्तगटाचा दोष, असेही सांगितले जाते. त्या दोहोंचा काहीही संबंध नाही. या अर्धवट माहितीचा सर्वांत वाईट परिणाम म्हणजे मुलगी निगेटिव्ह आहे म्हणून ठरत आलेले लग्न मोडणे. पूर्वी पायगुणाच्या नावाने जे केले जाई, तेच रक्तगटाच्या नावाने करणे ही प्रगती नव्हे. रक्तगट लग्नाआधी कळावा तो नकार देण्यासाठी नव्हे, तर पुढच्या तजविजीसाठी. महाविद्यालयातील रक्तदान शिबिरात ज्या विद्यार्थिनीला आपला गट निगेटिव्ह असल्याचे समजते, तिला त्या दिवशीच याचा अर्थ कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे.

देवराष्ट्र्याच्या त्या घरात १९१३ साली साकडे घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज एक तपासणी, कार्डावरची एक ओळ, माहेर व सासर यांच्यातला एक निरोप आणि तीन दिवसांच्या आत मिळणारी एक मात्रा एवढ्याने पाठच्या मुलाचे संरक्षण होते. तालुक्याला वर्षाकाठी दोनशे मात्रांची ही व्यवस्था आहे. ती ज्या तालुक्यात अपुरी असेल तेथे कारण पैशाच्या टंचाईत शोधू नये, नोंदवहीत शोधावे.